बेबो आणि वावारों

बेडकाचे पाय दुकानात जोडीनेच मिळतात. कंबरेशी एकमेकांना धरून राहिलेले, सोललेले, फिकट गुलाबी. रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की सकाळपर्यंत मोकळे होतात. ताटात ओतले की पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, कारण ते फार माणसासारखे दिसतात. मांडी, गुडघा, पोटरी, सगळं जिथल्या तिथे. पोटरीचा गोळा तर सायकल मारणाऱ्या पोराच्या पोटरीसारखा घट्ट.

मी अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या लाफियेत गावात राहते. नवऱ्याच्या तेलकंपनीतल्या नोकरीमुळे २००९ साली इथे आलो आणि इथलेच झालो. वर्षातून तीन-चारदा, बहुधा पावसाळी वादळांचे दिवस सरताना, मी घरी बेडकाचे पाय तळते. मन ठिकाणावर नसलं की कुणी मुगाची खिचडी टाकतं, कुणी नुसता वरणभात कालवतं. मला कधी मऊ भात आणि कुळथाची पिठी लागते, आणि कधी हे पाय लागतात. दोन्हींनी मला सारखंच सावरलं आहे.

तरी याबद्दल मराठीत चार ओळी लिहायला मला पाच वर्षं लागली. बेडूक म्हटला की आपल्याला आधी आठवते ती बारावीच्या प्रॅक्टिकलची मेणाची ट्रे, क्लोरोफॉर्मचा वास आणि टाचण्यांनी ताणून धरलेले चार पाय. किळस मला कधीच अडवत नव्हती. मला अडवत होते ते बाबा.

आमचं गाव बांद्यापासून जरा आत. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. आमच्याकडे बेडकाला बेबो म्हणतात. घरामागे भाताचे तुकडे, म्हणजे कुणगे, पलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की त्या रात्री सगळा मळा गरजायला लागायचा. डराव डराव हा शब्द त्या आवाजाला फार अपुरा आहे. छातीच्या पिंजऱ्यात घुमणारा तो आवाज, एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा, मग पन्नास जणांचा. बाबा मला इरल्याखाली घेऊन शेताच्या बांधावर, मेरेवर, उभे करायचे आणि बॅटरीचा झोत पाण्यावर टाकायचे. एरवी मातकट हिरवे असणारे नर त्या दोन-तीन रात्री लिंबासारखे पिवळेधमक होतात, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे फुगवून ओरडतात. निसर्गात इतका उघडा पिवळा रंग मी दुसरीकडे कुठेच पाहिलेला नाही. कोरडे महिने जमिनीत दडून बसलेला हा प्राणी या रात्रींसाठी बाहेर येतो. मादी पाण्यात अंडी सोडते आणि पुढच्या वर्षीचा सगळा हिशेब तिथेच ठरतो.

त्याच रात्री दूर कुठेतरी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या हलताना दिसायच्या. कुणी चढणीचे मासे मारायला निघालेलं असायचं, कुणी बेबो पकडायला. प्रकाश डोळ्यांवर पडला की बेडूक जागचा हलत नाही. मागून हात घालायचा आणि पोत्यात टाकायचा. बत्ती आमच्या कुणग्याकडे वळली की बाबा ओरडायचे, "मारूचो नाय तेका! तो आमचो राखणदार!"

पुढे कधीतरी, मी कॉलेजात असताना, त्यांनी सांगितलं की तरुणपणी, सत्तरच्या दशकात, त्यांनी स्वतः बेबो पकडून विकले होते. तेव्हा आपल्या देशातून बेडकाचे पाय बर्फात घालून युरोपात आणि अमेरिकेत जायचे. गावात दलाल यायचा, नगावर रोख पैसे द्यायचा. शेतीत रोख पैसा बघायला मिळत नसे त्या काळात ती मोठी गोष्ट होती. बाबांनी दोन पावसाळे हे काम केलं. तिसऱ्या वर्षी दलालाच्या शेडमध्ये पोती पोचवायला गेले असताना त्यांनी पाय कापण्याचं काम जवळून पाहिलं. जिवंत बेडूक पाटावर धरायचा, कोयता मारायचा, पाय टोपलीत आणि उरलेलं धड मागच्या ढिगात. त्या ढिगातली धडं पुढच्या दोन पायांवर सरपटत बाहेर यायचा प्रयत्न करत होती. एवढं सांगून बाबा थांबले. पैसे न घेताच ते घरी आले होते, आणि मरेपर्यंत त्यांनी बेडकाला हात लावला नाही.

त्यांच्या त्या एका दिवसामागे मोठा कारभार होता, तो मला नंतर वाचून कळला. आधी फ्रान्सने आपली तळी रिकामी केली आणि मग पूर्वेकडून माल मागवायला सुरुवात केली. आपल्याकडून वर्षाला हजारो टन पाय जात होते. खाचरात किडे, छोट्या कुर्ल्या आणि उंदराची पिल्लंसुद्धा गट्ट करणारा हा प्राणी कमी झाला तशी कीड वाढली आणि औषधफवारणी वाढली. १९८५ मध्ये आपला हा मोठा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या यादीत गेला, आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. मग बांगलादेशची पाळी आली, तिथेही पुढे बंदी आली. आज युरोपात जाणारा बहुतेक माल इंडोनेशियाचा असतो. एकाचं तळं आटलं की दुसऱ्याच्या तळ्यात हात, असं हे चाललं आहे.

बाबा गेले ते २५ सप्टेंबर २०२० ला. झोपेतच गेले. विमानं जवळजवळ बंदच होती, आणि कशीबशी जागा मिळाली असती तरी मी वेळेत पोचणार नव्हते. भावाने मोबाइल धरला. तिकडे दुपारचे दोन, इकडे पहाटेचे साडेतीन. चितेला अग्नी दिला तेव्हा रेंज गेली आणि पडद्यावर भावाचा अंगठाच अडकून राहिला. तो अंगठा मी किती वेळ बघत बसले होते, माहीत नाही.

मग तेरा दिवस मी नुसती वावरत होते. स्वयंपाक करत होते, शाळेचे ऑनलाइन तास घेत होते, आणि बाबांबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. नवऱ्याशी नाही, लेकीशीही नाही. जेवण घशाखाली उतरत नव्हतं. तेरावा झाला आणि दोन दिवसांनी, ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, डेल्टा चक्रीवादळ आमच्या पश्चिमेला किनाऱ्यावर चढलं. सहा आठवड्यांपूर्वीच लॉरा येऊन गेलं होतं, छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या अजून तशाच होत्या. रात्रभर ओक झाडांच्या फांद्या मोडल्याचे आवाज येत राहिले. वीज गेली. सकाळी उठले तर गावभर अंधार, फ्रीज गार पडायचा थांबलेला, आणि हवेत उघड्या लाकडाचा ओला वास.

शेजारच्या आजींना सगळी गल्ली मॉमॉ म्हणते. इथल्या केजन लोकांत, म्हणजे कॅनडातून इथे आलेल्या फ्रेंचांच्या वंशजांत, आजीला तेच म्हणतात. तेव्हा ती त्र्याऐंशी वर्षांची होती. वीज गेली की फ्रीझरमधलं सगळं शिजवून शेजाऱ्यांना वाटून टाकायचं, हा इथला वादळानंतरचा रिवाज. तिने कारपोर्टमध्ये गॅसची शेगडी मांडली, त्यावर तिच्या आईची बिडाची कढई ठेवली आणि दुपारपासून जे हाताला येईल ते तळत बसली. कोळंबी, कॅटफिश, भेंडी. मी आपली अंगणातल्या फांद्या ओढत होते. तिने हाक मारली. "शा, इकडे ये. बस."

शा म्हणजे फ्रेंच 'शेर', लाडकी. इथे तो शब्द असा उच्चारतात. मला बाबा 'बाय' म्हणायचे, त्याच सुरात.

बसले. तिने तेलातून दोन पाय काढून कागदावर ठेवले, आणि कवचावर बोटाचं नख वाजवलं. टक्, टक्. "ऐकलंस? असा आवाज आला की झालं." मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "वावारों."

केजन फ्रेंचमध्ये मोठ्या बेडकाला वावारों म्हणतात. फ्रेंचांनी हा शब्द उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांकडून उचलला आणि या लोकांनी तो आपल्याबरोबर दक्षिणेत आणला. म्हणून बघा मोठ्याने. वा-वा-रों. बेडूकच बोलतो आहे.

मला कळलं होतं ते काय आहे, आणि तरी मी खाल्लं. नकळत खाल्लं अशी सबब मला सांगायची नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. एका म्हातारीने मला बसवून पुढ्यात ताट ठेवलं होतं. कवच फुटलं, आतून वाफ आली, आणि मांस हाडावरून अलगद सुटून आलं. चव कोंबडीसारखी असते असं सगळे सांगतात, ते मला पटत नाही. कोंबडीला दोरे असतात, याला नाहीत. गोड्या पाण्यातला ताजा मासा थोडा घट्ट असता तर असा लागला असता. मांडीत एकच हाड, आणि पोटरीतही एकच, कारण बेडकाची पोटरीची दोन हाडं जुळून एक झालेली असतात. दातांना शोधाशोध करावी लागत नाही.

दुसरा पाय हातात असताना माझा बांध फुटला. मी रडत रडत बोलत सुटले. पिवळे बेबो, बत्त्या, दलालाची शेड, सरपटणारी धडं, भावाचा अंगठा, सगळं. माझं इंग्रजी मध्येच सुटून मालवणी येत होतं आणि मॉमॉ "वी, शा, वी", म्हणजे हो गं हो, म्हणत तेलात पुढचे पाय सोडत होती. तिला त्यातलं निम्मं कळलं नसेल. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "तुझे बाबा ते गात असताना पकडणाऱ्यांवर ओरडायचे?" मी मान हलवली. ती म्हणाली, "माझे पापाही ओरडायचे. गातात तेव्हा हात लावायचा नाही."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ नंतरच्या वर्षांत उलगडला. लुइझियानात एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत बेडूक पकडायला कायद्याने बंदी आहे, कारण तो त्यांचा विणीचा हंगाम. एरवी पकडायचे तर परवाना लागतो, आणि ठरलेल्या लांबीपेक्षा लहान बेडूक सोडून द्यावा लागतो. मॉमॉच्या वडिलांकडे कायद्याचं पुस्तक नव्हतं, पण भातशेतकरी म्हणून त्यांना तेच कळलं होतं जे बाबांना कळलं होतं. आमच्या कोकणात आणि गोव्यात नेमकं उलटं होतं. जून उजाडला, पहिला पाऊस पडला, बेबो पिवळे होऊन गायला लागले की त्याच रात्री बत्त्या बाहेर पडतात. वर्षभरात ज्या दोन-तीन रात्री त्याला सोडून द्यायला हवं, त्याच रात्री तो पकडला जातो, कारण त्याच रात्री तो दिसतो.

मॉमॉ भातखाचरांतलीच. लाफियेतच्या पश्चिमेला गेलं की जमीन सपाट होते आणि दोन्ही बाजूंना पाणी भरलेली खाचरं लागतात. क्राउली गाव तर स्वतःला अमेरिकेच्या तांदळाची राजधानी म्हणवतं. भात निघालं की त्याच खाचरांत क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले शेवंडासारखे छोटे जीव, वाढवतात. पहिल्यांदा त्या रस्त्याने गेले तेव्हा मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली होती. मेरा, उभं पाणी, बगळे. फक्त माड नव्हते.

त्या रस्त्यावरच रेन नावाचं गाव आहे, जगातल्या बेडकांची राजधानी अशी बिरुदावली मिरवणारं. भिंतीभिंतींवर बेडकांची चित्रं. १८८० च्या दशकात तिथल्या एका खवय्या स्वयंपाक्याने आजूबाजूचे बेडूक पकडून न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांना पाठवायला सुरुवात केली. मग फ्रान्सहून आलेल्या वेल बंधूंनी त्याचा मोठा व्यापार केला आणि रेनचे बेडूक दूरदूर जाऊ लागले. आता तो व्यापार संपला. १९७३ पासून बेडकांची जत्रा मात्र दरवर्षी भरते. मॉमॉ लहानपणी याच भागात पोतं घेऊन वडिलांमागे हिंडली. शाळेत तिला फ्रेंच बोलली म्हणून शिक्षा व्हायची. "मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही" हे वाक्य तिने किती वेळा लिहिलं याची गणती नाही. १९२१ नंतर इथल्या शाळांतून फ्रेंच हद्दपारच झाली होती, तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांची हीच गोष्ट. तिच्या मुलांना म्हणूनच ती भाषा येत नाही, पण कढईशी उभी राहिली की मॉमॉ फ्रेंचच बोलते. मलाही शाळेत एक बाई "येवक, जावक करू नकोस, शुद्ध बोल" म्हणून वर्गासमोर उभं करायच्या. आम्हा दोघींच्या बेडकांची नावं घरातल्या भाषेतली आहेत, शाळेने न शिकवलेली.

त्या ऑक्टोबरनंतर मी तिच्याकडून तळायला शिकले. तिच्या हाताची रीत सांगते.

पाय थंड पाण्यात धुवायचे आणि कोरडे करायचे. कंबरेच्या मधोमध सुरी ठेवून तळहाताने दाब दिला की बारीक कट्ट असा आवाज येतो आणि जोडी सुटते. घोट्यापाशी पांढरी शीर असते, ती कापायची. नाहीतर तेलात पडल्यावर पाय आखडतो, कधी झटका देऊन बाहेर उडी घेतो. अगदी ताज्या पायांवर मीठ टाकलं तर ते ताटातच थरथरतात, असं मॉमॉ सांगायची. मला आधी ती दंतकथा वाटली, पण ते खरं आहे. ताज्या मांसातल्या पेशी काही काळ जिवंत असतात आणि मिठातल्या सोडियममुळे स्नायू आकसतो. अठराव्या शतकात बोलोन्यामध्ये गॅल्व्हानीने बेडकाच्या पायातच वीज आणि स्नायूंचं नातं शोधलं होतं. गोठवलेल्या पायांत हे सहसा होत नाही. मला ते बरं वाटतं. बाबांची ती शेड मला पुन्हा बघायची नाही.

मग ताक. इथलं बाजारी ताक दाट असतं, ते नसलं तर मी घरच्या दह्याचं घट्ट ताक घेते आणि कुणाला फरक कळत नाही. त्यात मीठ, काळी मिरी, लसणाची पूड, कायेन मिरची, पिवळ्या मोहरीची पेस्ट चमचाभर आणि टबॅस्को या तिखट सॉसचे दहा-बारा थेंब. टबॅस्को इथून तासाभराच्या आत असलेल्या एव्हरी आयलंडवर १८६८ पासून बनतं, इथे तो मीठ-मोहरीसारखा घरचाच जिन्नस. पाय त्यात दोन-तीन तास. ताकाने मांस मऊ होतं आणि तळ्याचा जो किंचित चिखलाचा वास असतो तो जातो.

वरच्या पिठाच्या बाबतीत मी बरेच हट्ट करून पाहिले. बांगड्यासारखे रव्यात घोळवून बघितले. रवा छान कुरकुरतो, पण तो जाड आणि हे मांस नाजूक, रवाच रवा लागतो. कोकमाचं आगळ लावून पाहिलं. आंबटपणा सुरेख येतो, पण मांस आकसतं आणि चिवट होतं. तिरफळं तर मी घातलीच नाहीत, ती बांगड्याचीच. शेवटी मॉमॉचंच खरं: मक्याचं पिवळं, बारीक दळलेलं पीठ. आपण ज्याला कॉर्नफ्लोर म्हणतो ते पांढरं सत्त्व नव्हे, ते घेतलं तर फसाल. त्यात मूठभर मैदा. माझी म्हणून एकच भर टिकली, ती म्हणजे पिठात अर्धा चमचा मालवणी मसाला. मॉमॉने पहिल्यांदा चाखलं तेव्हा डोळे मिटून घेतले आणि काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी तिने स्वतःहून मसाल्याची डबी मागवून घेतली.

तेल शेंगदाण्याचं, तापमान ३५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमच्याचं टोक बुडवायचं, भोवती एकसारखे बारीक बुडबुडे आले पाहिजेत. एका वेळी पाच-सहा पायच सोडायचे. पहिला मिनिटभर हात लावायचा नाही, नाहीतर कवच सुटतं. सुरुवातीला तेल जोरात गरजतं, मग हळूहळू त्याचा आवाज उतरत जातो. मांसातलं पाणी सरत आलं की आवाज उतरतो, आणि मॉमॉ घड्याळ बघतच नाही, ती आवाज ऐकते. आमची आजी पुऱ्या अशाच तळायची. पाच-सहा मिनिटांत रंग भाजलेल्या काजूगरासारखा तांबूस-पिवळा होतो. मधे कच्चं राहू द्यायचं नाही, हे मांस पूर्ण शिजलंच पाहिजे. मग नख वाजवायचं.

सोबत लिंबू, पांढऱ्या पावाचा तुकडा आणि बटाट्याचं थंड सॅलड. मी वाटीभर भात आणि सोलकढीही ठेवते.

मी पाकीट घेताना त्यावरचा देश वाचते. दुकानातला बहुतेक माल दूर आशियातून आलेला असतो, आणि कुठल्या तळ्यातून हे त्यावर लिहिलेलं नसतं. तो मी घेत नाही. मॉमॉचा पुतण्या हंगामात परवान्यावर पकडतो, त्याच्याकडून जे मिळतील तेवढेच आणते. नाही मिळाले तर करत नाही. एकदा मी त्याच्या सपाट बुडाच्या होडीतून रात्री गेले होते. कपाळावरच्या दिव्याच्या झोतात बेडकाचे डोळे पांढुरके चमकतात, मगरीचे लाल. त्याने पाण्यावर ओणवं होऊन हातानेच एक पकडला, पट्टीवर मापला आणि परत सोडला. लहान होता. त्या वेळी मला बाबांची फार आठवण आली. ते होडीत असते तर त्यांनी त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला असता, असं मला वाटतं. खात्री नाही. ताटातल्या पायांकडे मात्र त्यांनी पाहिलंही नसतं, याची खात्री आहे, आणि तो सल तसाच राहणार आहे.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये गावी गेले होते. गोव्यात एका ठिकाणी जेवायला बसलो असताना वाढप्याने वाकून हळूच विचारलं, "जंपिंग चिकन हवं का?" छापलेल्या मेनूत ते नव्हतं. बेबो पकडणं, विकणं आणि खाणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वनखातं दर पावसाळ्यात तसं बजावतं, म्हणून हे नाव. बरोबरच्या एका नातलगाने हसून म्हटलं, "हिला दे, ही तिकडे खातेच की." मी नको म्हटलं. मग जेवणच गेलं नाही. बाहेर पाऊस लागला होता, मृगाचा, आणि ते पाय कुठल्या रात्रीचे आहेत ते मला ठाऊक होतं. नातलगाला मी गाडीत सगळं सांगितलं, बंद हंगाम, पिवळा रंग, बाबा. तो गप्प बसून ऐकत होता. पटलं की नाही ते त्याने सांगितलं नाही. त्या रात्री मी लेकीला मेरेवर घेऊन गेले. कुणग्यात आता आम्ही भात लावत नाही, पण पाणी होतं. आवाज पूर्वीइतका नव्हता. मोजून सात पिवळे दिसले. लेकीने बॅटरी खाली केली आणि म्हणाली, "आई, यांच्या डोळ्यांवर नको मारू."

या ऑक्टोबरात पुतण्याने आठ जोड्या दिल्या. मॉमॉ आता कढईशी उभी राहू शकत नाही, तिचे हात कापतात. मी तिच्याच बिडाच्या कढईत तळले, कारण ती कढई आता माझ्याकडे आहे. कागद घातलेल्या डब्यात भरून, झाकण अर्धं उघडं ठेवून तिच्याकडे नेले, म्हणजे वाफ धरून कवच मऊ पडू नये. तिने सगळ्यांत मोठा पाय उचलला आणि कानाशी नेला. थरथरत्या बोटाने नख वाजवलं. एकदा चुकलं, मग लागलं. टक्.

एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे, शा."

मी उठून मिठाची डबी आणली.